रंग गेला, पण प्रदूषक गेले का? धातू-ऑक्साइड फोटोकॅटॅलिस्टची चाचणी कशी करावी

मेथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात चिमूटभर पांढरी पूड टाकायची, वर अतिनील दिवा लावायचा आणि तासाभरात पाणी पांढरेस्वच्छ झालेले पाहायचे. हा प्रयोग इतका सोपा दिसतो की त्यातल्या चुका लक्षातच येत नाहीत. रंग उडण्याची निदान पाच वेगळी कारणे असू शकतात आणि त्यातले एकच खरे प्रकाश-उत्प्रेरण, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर पुडीने (फोटोकॅटॅलिस्टने) रंगाचा रेणू तोडणे, असते. म्हणून इथे पूड बनवण्यापेक्षा, ती काम करते की नाही हे कसे ठरवायचे यावर जास्त भर आहे.

आधी तत्त्व थोडक्यात. इलेक्ट्रॉनला खालच्या ऊर्जा-पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जायला लागणारी ऊर्जा म्हणजे बँड गॅप. ऑक्साइडच्या कणावर त्याच्या बँड गॅपपेक्षा जास्त ऊर्जेचा फोटॉन पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी मारतो आणि मागे धन प्रभाराची पोकळी, म्हणजे होल, उरते. होल पृष्ठभागावरच्या पाण्यापासून किंवा हायड्रॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय क्रियाशील कण बनवते. इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि सुपरऑक्साइड तयार होते. हे दोघे मिळून सेंद्रिय रेणू कुरतडतात. पण बहुतेक इलेक्ट्रॉन आणि होल बाहेर काही करण्याआधीच एकमेकांना भेटून संपतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन पटकन उचलला नाही तर हे नुकसान आणखी वाढते. पाण्यात हवेचे बुडबुडे सोडायचे ते यासाठी. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटेनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाशाने पाणी फोडून दाखवले. या क्षेत्राची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात.

कोणते ऑक्साइड, कोणता दिवा

हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. १२४० ला बँड गॅपने (इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये) भागले की जास्तीत जास्त किती तरंगलांबीचा प्रकाश चालेल ते नॅनोमीटरमध्ये मिळते. ॲनाटेज रूपातल्या टायटेनियम डायऑक्साइडचा बँड गॅप ३.२, म्हणजे मर्यादा सुमारे ३८८ नॅनोमीटर. त्याच्याच रुटाइल या दुसऱ्या स्फटिक-रूपाचा ३.०, म्हणजे सुमारे ४१३. झिंक ऑक्साइडचा ३.३ च्या आसपास, म्हणजे साधारण ३७५. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बाजारात ‘यूव्ही’ म्हणून मिळणाऱ्या जांभळ्या एलईडी पट्ट्या बहुतेक ३९५ ते ४०५ नॅनोमीटरच्या असतात. त्या डोळ्यांना झगझगीत दिसतात, पण ॲनाटेज आणि झिंक ऑक्साइडसाठी त्या जवळजवळ अंधारच. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी घ्या. तो डोळ्यांना मंद वाटतो, म्हणून जास्त धोक्याचा असतो. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारा चष्मा लावल्याशिवाय तो चालू करू नका.

२५४ नॅनोमीटरचा जंतुनाशक दिवा वापरायचा मोह टाळा. त्याचे किरण साध्या किंवा बोरोसिलिकेट काचेतून जातच नाहीत, क्वार्ट्झ लागतो. शिवाय ते किरण रंगाचा रेणू थेट तोडतात, म्हणजे उत्प्रेरकाचा वाटा किती हे सांगणे अवघड होते.

दृश्य प्रकाशात चालावे म्हणून टंगस्टन ट्रायऑक्साइड (२.६ ते २.८) किंवा आयर्न ऑक्साइड (सुमारे २.२) घेण्याची कल्पना आकर्षक वाटते. पण नुसता प्रकाश शोषणे पुरेसे नाही. या दोन्हींचा वरचा पट्टा इतका खाली असतो की तिथला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला सुपरऑक्साइडमध्ये बदलू शकत नाही. तो तिथेच साचतो आणि होलला जाऊन मिळतो. प्लॅटिनमसारखा सहउत्प्रेरक किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जोडीला नसेल तर ही ऑक्साइडे सुस्त पडतात. नवख्यांनी झिंक ऑक्साइड किंवा टायटेनियम डायऑक्साइडपासूनच सुरुवात करावी.

काहीही बनवा, तुलनेसाठी पी-२५ नावाची टायटेनियम डायऑक्साइडची पूड हाताशी ठेवा. आधी ती डेगुसाची होती, आता इव्होनिकची आहे. तिच्यात साधारण ८० टक्के ॲनाटेज आणि २० टक्के रुटाइल असते, कण सुमारे २० नॅनोमीटरचे आणि पृष्ठफळ ग्रॅममागे ५० चौरस मीटरच्या जवळपास. तुमच्या दिव्याखाली, तुमच्या बीकरमध्ये पी-२५ किती वेगाने चालते हे माहीत नसेल, तर तुमच्या पुडीचा आकडा ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही.

झिंक ऑक्साइड बनवणे

१. झिंक ॲसिटेट डायहायड्रेट ११ ग्रॅम (०.०५ मोल) १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. पाणी गढूळ दिसले तर ॲसिटिक आम्लाचे दोन थेंब टाका, निवळते.

२. सोडियम हायड्रॉक्साइड ४ ग्रॅम दुसऱ्या १०० मिली पाण्यात हळूहळू विरघळवा. द्रावण तापते, ते थंड होऊ द्या. हातमोजे आणि चष्मा हवाच.

३. झिंकचे द्रावण मॅग्नेटिक स्टररवर ६० ते ७० अंश सेल्सिअसला ठेवा आणि त्यात सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब, साधारण अर्ध्या तासात सोडा. क्रम उलटा करू नका. अल्कलीच्या भांड्यात झिंक ओतले तर सुरुवातीला अल्कली फार जास्त असते, त्यात झिंक झिंकेट होऊन विरघळते आणि साक्याचे कण लहानमोठे पडतात.

४. पीएच ९ ते १० झाला की थांबा, थोडे अल्कली उरले असले तरी. पुढे ढकलले तर पडलेला साका पुन्हा विरघळू लागतो.

५. त्याच तापमानाला दोन तास ढवळत ठेवा. मग सेंट्रिफ्यूज करा किंवा गाळा.

६. डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवा आणि शेवटी एकदा इथेनॉलने. धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ च्या जवळ आला पाहिजे. या पायरीत घाई केली की सोडियम ॲसिटेट आत राहतो, आणि पूड भाजल्यावर तो सोडियम कार्बोनेट होऊन पुढच्या प्रत्येक प्रयोगात पीएच वर ढकलतो.

७. ८० ते १०० अंशांवर रात्रभर वाळवा, खलात बारीक करा, मुशीत घालून मफल भट्टीत मिनिटाला ५ अंशांच्या वेगाने ४०० अंशांपर्यंत न्या आणि दोन तास ठेवा.

भट्टी गरम असताना उघडून पाहिले तर पूड पिवळी दिसेल. घाबरू नका, झिंक ऑक्साइड तापल्यावर पिवळे होते आणि थंड झाल्यावर पुन्हा पांढरे. थंड झाल्यावरही राखाडी छटा उरली तर ॲसिटेटमधला कार्बन अडकला आहे. मुशीचे झाकण काढून ४५० अंशांवर आणखी तासभर भाजा. हिशोबाने ४.०७ ग्रॅम पूड मिळायला हवी. हाती आलेली पूड त्याहून जास्त भरली तर आनंद मानू नका. आत पाणी किंवा मीठ आहे. बरीच कमी भरली तर बहुधा ती धुताना वाहून गेली आहे.

तापमान वाढवले की स्फटिक मोठे आणि चांगल्या घडणीचे होतात, पण पृष्ठफळ घटते. ६०० अंशांवर भाजलेली पूड हातात छान मोकळी लागते आणि कामात बहुतेक वेळा मागे पडते.

टायटेनियम डायऑक्साइड घरी बनवायचे तर ते टायटेनियम आयसोप्रोपॉक्साइडपासून बनवतात, आणि तो हवेतल्या ओलाव्यालाही गुठळ्या धरतो. १० मिली घेऊन ४० मिली कोरड्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये २ मिली ॲसिटिक आम्लासह मिसळा आणि नायट्रिक आम्लाने पीएच २ ला आणलेल्या १०० मिली पाण्यात थेंब थेंब सोडा. पूर्णपणे कोरडी भांडी आणि कोरडी सिरिंज नसेल तर मिश्रण पाण्यापर्यंत पोचण्याआधीच त्याचे दही होते. ४५० अंशांवर दोन तास भाजल्यावर जास्तीत जास्त २.७ ग्रॅम ॲनाटेज मिळेल. ६०० अंशांच्या पुढे ते रुटाइलकडे झुकू लागते.

रंगाचे द्रावण आणि मांडणी

मेथिलीन ब्लूच्या बाटलीवरचे लेबल वाचा. बऱ्याचदा आत ट्रायहायड्रेट असते. त्याचा रेणुभार ३७३.९ आणि निर्जल रूपाचा ३१९.९. म्हणजे वजनाने १०० मिलीग्रॅम घेतले तरी रंग सुमारे ८५.५ मिलीग्रॅमच असतो. ५० मिलीग्रॅम (ट्रायहायड्रेट असेल तर ५८.५) ५०० मिली पाण्यात विरघळवून लिटरला १०० मिलीग्रॅमचे मूळ द्रावण करा आणि गडद बाटलीत ठेवा. कामाच्या वेळी १२.५ मिली घेऊन २५० मिली करा, म्हणजे लिटरला ५ मिलीग्रॅम. ६६४ नॅनोमीटरला १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) याचा ॲब्सॉर्बन्स, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते त्याचा आकडा, साधारण १ ते १.२ येतो. १० मिलीग्रॅमचे द्रावण सरळ मोजू नका. आकडा २ च्या वर गेला की बरीचशी स्पेक्ट्रोफोटोमीटर सरळ रेषेत वागत नाहीत, आणि सुरुवातीची सगळी घट कमी दिसते.

०.५, १, २, ३, ४ आणि ५ मिलीग्रॅमची द्रावणे करून प्रमाणरेषा काढा. ती वाकली तर रंगाचे रेणू जोड्या करू लागले आहेत किंवा विरलन चुकले आहे. मेथिलीन ब्लू प्लॅस्टिकला आणि थोडासा काचेलाही चिकटतो. प्लॅस्टिकचे क्युव्हेट आणि नळ्या टाळा, आणि प्रत्येक वाचनानंतर क्युव्हेट इथेनॉलने धुवा.

मांडणीला ४०० मिलीचा बोरोसिलिकेट बीकर, स्टरर, ठरलेल्या उंचीवर पक्का बसवलेला ३६५ नॅनोमीटरचा दिवा आणि हवेसाठी माशांच्या टाकीचा छोटा पंप पुरतो. बीकर थंड पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवा. दिव्याच्या उष्णतेने पाणी १०–१५ अंश चढले तर तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी मोजत आहात. दिवा आणि पाण्याच्या पृष्ठभागातले अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. अतिनील मीटर असेल तर पृष्ठभागावर चौरस मीटरला २० ते ५० वॅट मिळताहेत का पाहा. दुपारच्या स्वच्छ उन्हातही अतिनील-ए साधारण एवढेच असते. या पट्ट्यात वेग प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो. पुढे बऱ्याच वर, चौरस मीटरला २५० वॅटच्या आसपास, प्रकाश दुप्पट केला तरी वेग दुप्पट होत नाही, कारण इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना जास्तच भेटू लागतात.

पुडीचे प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे २५० मिलीला १२५ मिलीग्रॅम. जास्त टाकली की काम लवकर होते असे वाटते, पण लिटरला एक-दोन ग्रॅमच्या पुढे वरच्या थरातले कण खालच्यांवर सावली धरतात आणि बहुतेक वेळा वेग घसरतो. तुमच्या भांड्यासाठी ०.२५, ०.५, १ आणि २ ग्रॅम अशी मालिका करून पठार कुठे येते ते एकदा पाहून घ्या. पूड थोड्या पाण्यात पाच मिनिटे अल्ट्रासोनिक बाथमध्ये फिरवून मगच बीकरमध्ये ओता. सरळ पूड टाकली तर गुठळ्या तळाशी बसतात.

अंधारातला अर्धा तास

दिवा लावण्याआधी ढवळत, हवा चालू ठेवून, झाकलेल्या बीकरमध्ये ३० ते ६० मिनिटे जाऊ द्या. या वेळात रंग पुडीच्या पृष्ठभागावर चिकटतो. याला पृष्ठशोषण म्हणतात, आणि प्रदूषक नष्ट होण्याशी त्याचा काही संबंध नाही. अंधारातल्या १५, ३० आणि ४५ मिनिटांच्या वाचनांत फरक पडेनासा झाला की तो आकडा तुमचा शून्य वेळेचा आकडा. त्याआधी दिवा लावलात तर चिकटलेला रंगही ‘विघटित’ म्हणून मोजला जातो.

किती चिकटेल हे पीएच ठरवते. टायटेनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग पीएच ६ ते ७ च्या खाली धन आणि वर ऋण असतो. झिंक ऑक्साइडचा बदल ९ च्या आसपास होतो. मेथिलीन ब्लू स्वतः धनभारित आहे, म्हणून पीएच ८ च्या टायटेनियम डायऑक्साइडला तो भरपूर चिकटतो. झिंक ऑक्साइडला मात्र पीएच ६ च्या खाली नेऊच नका, ते विरघळू लागते. फार तीव्र अल्कलीत ते झिंकेट होऊन विरघळते. ७ ते ९ मध्येच राहा, आणि प्रयोगाच्या सुरुवातीचा व शेवटचा पीएच दोन्ही नोंदवा. विघटनात आम्ले तयार होतात, त्यामुळे पीएच खाली सरकतो.

दिवा चालू

०, ५, १०, १५, ३०, ४५, ६० आणि ९० मिनिटांना प्रत्येकी ३ मिली नमुना घ्या. आठ नमुने म्हणजे २४ मिली, एकूण घनफळाच्या दहा टक्क्यांच्या आत. त्याहून जास्त काढले तर शेवटच्या नमुन्यांपर्यंत पाण्याची खोली आणि प्रकाश दोन्ही बदललेले असतात. नमुने काढताना ढवळणे थांबवू नका, म्हणजे पूड आणि पाणी सारख्या प्रमाणात निघतात.

नमुन्यातली पूड काढणे हे वाटते त्यापेक्षा अवघड. उरलेला एक नॅनो-कणही प्रकाश विखुरतो आणि ॲब्सॉर्बन्स खोटा वाढतो. हे ओळखायची सोपी खूण अशी: ७५० ते ८०० नॅनोमीटरला मेथिलीन ब्लू जवळजवळ शोषत नाही. तिथे आकडा शून्याच्या वर असेल तर नमुना अजून गढूळ आहे. मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर दहा मिनिटे सेंट्रिफ्यूज पुरते. सिरिंज फिल्टर वापरायचा तर आधी माहीत असलेले रंगाचे द्रावण त्यातून सोडून आकडा किती पडतो ते पाहा. काही फिल्टर पहिल्या एक-दोन मिलीतला रंग सपशेल गिळतात. तो भाग टाकून दिल्यावरही फरक उरला तर फिल्टरचे द्रव्य बदला.

याच्या बरोबरीने दोन कोरे प्रयोग करायलाच हवेत. एक: रंग आणि दिवा, पूड नाही. दोन: रंग आणि पूड, दिवा नाही, तेवढाच वेळ. पहिल्यात दिसणारी घट म्हणजे प्रकाशाने थेट तुटलेला रंग, दुसऱ्यातली घट म्हणजे चिकटलेला. हे दोन आकडे न देता सांगितलेला ‘९८ टक्के विघटन’ हा आकडा कुणी गांभीर्याने घेऊ नये.

हिशोब

द्रावणातल्या रंगाची शून्य वेळेची तीव्रता (संहती) भागिले त्या वेळेची तीव्रता, याचा नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेसमोर मांडा. विरल द्रावणात सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार म्हणजे वेगस्थिरांक. समजा ॲब्सॉर्बन्स ३० मिनिटांत १.०० वरून ०.५० वर आला, तर वेगस्थिरांक ०.६९३ भागिले ३०, म्हणजे मिनिटाला ०.०२३. पुडीशिवायच्या प्रयोगात तो ०.००३ आला असेल तर उत्प्रेरकाचा वाटा सुमारे ०.०२०. रेषा बसवताना रंग ६०–७० टक्के जाईपर्यंतचेच बिंदू घ्या. शेवटच्या बिंदूंमध्ये ॲब्सॉर्बन्स ०.०३ च्या आसपास असतो, यंत्राचा गोंगाट तेवढाच असतो, आणि लॉगॅरिदममुळे तो गोंगाट फुगून रेषा वाकवतो. प्रत्येक प्रयोग तीनदा करा आणि तिन्ही आकडे दाखवा.

रेषा सुरुवातीला तीव्र आणि मग चपटी झाली तर तीन गोष्टी तपासा: अंधारातला समतोल आधी झाला नव्हता, ऑक्सिजन संपला, किंवा मधले पदार्थ पृष्ठभाग अडवून बसले आहेत. सुरुवातीला चपटी आणि मग तीव्र झाली तर बहुधा दिवा गरम व्हायला वेळ घेतो आहे. पाऱ्याच्या दिव्याला दहा-पंधरा मिनिटे आधी लावून झाकून ठेवा.

रंग गेला, रेणू गेला का

मेथिलीन ब्लूच्या खोड्या इथे सुरू होतात. ऑक्सिजन कमी पडला किंवा अल्कोहोलसारखे काही मिसळलेले असेल तर रंग तुटत नाही, त्याचे रंगहीन ल्यूको रूप होते. दिवा बंद करून स्वच्छ झालेल्या पाण्यात २०–३० मिनिटे हवा सोडा. निळेपणा परत आला तर काहीच नष्ट झालेले नव्हते.

दुसरे असे की फक्त ६६४ नॅनोमीटरचा आकडा घेऊ नका, ४०० ते ७५० पर्यंतचा पूर्ण आलेख घ्या. रेणूवरचे मिथाइल गट एकेक गळत गेले की शिखर डावीकडे, थायोनिनच्या ६०० च्या दिशेने सरकते. रेणूचा सांगाडा शाबूत असतो, पण ६६४ चा आकडा झपकन पडतो आणि विघटन जास्त दिसते. रोडामाइन बी मध्ये हाच प्रकार ५५४ वरून ४९८ पर्यंत दिसतो. मेथिल ऑरेंज आणखी वेगळा, त्याचा रंग पीएच बरोबर बदलतो, म्हणून प्रयोगात पीएच हलला तर आकडा निरर्थक.

तिसरे, दृश्य प्रकाशात रंग स्वतःच प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन ऑक्साइडला देतो आणि मग स्वतः तुटतो. पांढऱ्या एलईडीखाली साध्या झिंक ऑक्साइडनेही निळेपणा उतरतो तो यामुळे. ‘दृश्य प्रकाशात चालणारा उत्प्रेरक’ सिद्ध करायचा असेल तर रंग नव्हे, फिनॉल किंवा सॅलिसिलिक आम्लासारखा रंगहीन पदार्थ घ्या. फिनॉल २७० नॅनोमीटरला दिसतो, पण त्यातून होणारे हायड्रोक्विनोन, कॅटेकॉल आणि बेंझोक्विनोनही अतिनीलातच दिसतात. तिथे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारे एचपीएलसी यंत्र हवे.

शेवटी, वापरलेली पूड इथेनॉलने धुवून ते इथेनॉल मोजा. त्यात निळा रंग उतरला तर तेवढा रंग चिकटून बसला होता, नष्ट झालेला नव्हता.

रेणू पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला का हे टीओसी, म्हणजे पाण्यात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन, सांगते. ५ मिलीग्रॅम मेथिलीन ब्लूमध्ये कार्बन फक्त ३ मिलीग्रॅम असतो, त्यामुळे यंत्र संवेदनशील हवे. त्याची सीओडी, म्हणजे ते रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन, हिशोबाने १० मिलीग्रॅमच्या आसपास येते, इतकी कमी की नेहमीच्या डायक्रोमेट पद्धतीत ती मोजमापाच्या त्रुटीतच हरवते. सीओडी पाहायची असेल तर ५० मिलीग्रॅमचा वेगळा प्रयोग लावा. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड उरला असेल तर तो डायक्रोमेट खातो आणि सीओडी वाढलेली दिसते. मोजण्याआधी कॅटॅलेज या विकराने तो संपवा.

काम कोण करते आहे

हायड्रॉक्सिल रॅडिकल, होल की सुपरऑक्साइड, हे पाहण्यासाठी एकेकाला अडवतात. हायड्रॉक्सिलसाठी १० मिलीमोलर टर्ट-ब्युटेनॉल, होलसाठी १ मिलीमोलर अमोनियम ऑक्झलेट, सुपरऑक्साइडसाठी ०.१ मिलीमोलर बेंझोक्विनोन. वेग ज्याने सर्वात जास्त पडतो ते मुख्य, असे वाचायचे. पण सावध राहा. बेंझोक्विनोन स्वतः अतिनील शोषतो आणि प्रकाशात बदलतो. होल अडवायला वापरला जाणारा ईडीटीए झिंक ऑक्साइडमधले झिंक ओढून पूडच विरघळवतो, म्हणून झिंक ऑक्साइडबरोबर तो वापरूच नका. याहून स्वच्छ पुरावा म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्ल. २ मिलीमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये त्याचे ०.५ मिलीमोलर द्रावण करून दिव्याखाली पूड ढवळा. हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होत असतील तर ३१५ नॅनोमीटरने उत्तेजित केल्यावर ४२५ च्या आसपास चमक वाढत जाते.

नळाचे पाणी, नदीचे पाणी

डिस्टिल्ड पाण्यातला आकडा नळाच्या पाण्यात अर्ध्यावर आला तर आश्चर्य नको. बायकार्बोनेट आणि कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकलना गिळतात, आणि त्यात कार्बोनेट कितीतरी जास्त भुकेला. त्यामुळे जड पाण्याचा पीएच वाढवणे दुप्पट महागात पडते. फॉस्फेट टायटेनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून जागा अडवतो, म्हणून पीएच स्थिर ठेवायला फॉस्फेट बफर वापरणे ही चूक. कुजलेल्या पानांपासून येणारी ह्युमिक द्रव्ये प्रकाशही खातात आणि रॅडिकलही. खऱ्या पाण्यावर काम करायचे तर आधी त्याची क्षारता (बायकार्बोनेट-कार्बोनेटचे प्रमाण) मोजा, मग अपेक्षा ठरवा.

थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड इलेक्ट्रॉन पकडून वेग वाढवतो, जास्त झाला की तोच रॅडिकल खाऊ लागतो. लिटरला १, २, ५ आणि १० मिलीमोल अशी मालिका करून वळण कुठे येते ते शोधा.

काही प्रदूषक या पद्धतीला पुरून उरतात. ॲट्राझिन हे तणनाशक तुटते, पण सायन्युरिक आम्लापाशी येऊन थांबते. पीएफएएस या फ्लोरिनयुक्त गटातली संयुगे तर साध्या टायटेनियम डायऑक्साइडला दाद देत नाहीत, कारण हायड्रॉक्सिल रॅडिकल कार्बन-फ्लोरिन बंध तोडत नाही. काळ्याकुट्ट सांडपाण्यावर हे उपकरण पहिल्या टप्प्याला लावणेही व्यर्थ. प्रकाश वरच्या थरातच संपतो. त्याची जागा शेवटी, गाळण आणि जैविक प्रक्रियेनंतर.

विजेचा हिशोब टाळू नका. एक घनमीटर पाण्यातला प्रदूषक दहापट कमी करायला किती युनिट लागतात, हे या क्षेत्रातले प्रमाण माप आहे. २० वॅटच्या दिव्याने २५० मिली पाण्यातला ९० टक्के रंग तासाभरात गेला, तर ०.०२ युनिट भागिले ०.०००२५ घनमीटर, म्हणजे घनमीटरला ८० युनिट. बीकरमध्ये झकास दिसणारी पूड या आकड्यासमोर अनेकदा गप्प बसते. म्हणूनच उन्हावर चालवण्याचा आग्रह असतो, जरी सूर्यप्रकाशात उपयोगी अतिनील जेमतेम ४–५ टक्केच असले तरी.

पुन्हा वापर, काचेवर चिकटवणे, विल्हेवाट

पूड पाच वेळा वापरून दाखवायची पद्धत आहे. प्रत्येक फेरीत धुताना काही पूड जाते, ती मोजून पाण्याचे प्रमाणही तेवढे कमी करा. नाहीतर ‘क्रियाशीलता घटली’ हा निष्कर्ष निव्वळ वजन घटल्याचा असतो. फेऱ्यांमध्ये ३५० ते ४०० अंशांवर तासभर भाजले की चिकटलेले सेंद्रिय जळून जाते. झिंक ऑक्साइडला आणखी एक रोग आहे: प्रकाशात होल त्याच्या स्वतःच्या ऑक्सिजनलाच खातात आणि झिंक पाण्यात उतरते. गाळलेल्या पाण्यात झिंक किती हे अणु-शोषण यंत्राने मोजल्याशिवाय ते ‘स्थिर’ म्हणू नका.

पूड वेगळी करण्याची कटकट नको असेल तर काचेवर थर द्या. १ ग्रॅम पी-२५, नायट्रिक आम्लाने पीएच ३ ला आणलेले २० मिली पाणी, १५ मिनिटे अल्ट्रासोनिक. बोरोसिलिकेट काच बारीक सँडपेपरने खरखरीत करून धुवा, थर द्या, १०० अंशांवर अर्धा तास वाळवा. असे तीन थर, मग ४५० अंशांवर एक तास, आणि भट्टी आपोआप थंड होईपर्यंत दार उघडू नका. खिडकीची काच वापरू नका. भाजताना तिच्यातला सोडियम थरात शिरून क्रियाशीलता मारतो. थराचा वेग मोकळ्या पुडीपेक्षा कमीच असतो, कारण रेणूंना काचेपर्यंत चालत जावे लागते. पाणी जोराने खेळवा. काच आधी आणि नंतर वजन करा, आणि नळाच्या धारेखाली धरल्यावर वजन घटत नाही ना ते पाहा.

काम संपल्यावर टायटेनियम डायऑक्साइडचे गढूळ पाणी पीएच ६ ते ७ ला आणून रात्रभर ठेवा, कण एकत्र येऊन तळाशी बसतात. थोडी तुरटी टाकली तर आणखी लवकर. वरचे पाणी निथळून साका गाळून घन कचऱ्यात द्या. झिंक ऑक्साइड आणि झिंकचे पाणी मोरीत ओतू नका, जलचरांना ते विषारी आहे. वेगळ्या डब्यात जमा करून धातूयुक्त रासायनिक कचरा म्हणून द्या. कोरडी पूड हाताळताना बारीक धुळीसाठीचा मास्क लावा. श्वासातून जाणाऱ्या टायटेनियम डायऑक्साइडला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २-ब गटात, म्हणजे कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्यांत, ठेवले आहे. खलात पूड घोटताना ती इथेनॉलने ओली ठेवली तर धूळ उडत नाही.